मी वाचलेलं मेट्टूरचं पाणी

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, देवासमोरही नाही. देवाला माहीत असणारच, म्हणून तिथे विषय काढायची वेळ आली नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका. या सगळ्या प्रकरणात 'का' या प्रश्नाशी माझं कधी जमलेलंच नाही.

तर — माझे सासरे. भंडाऱ्याकडचे, तळ्यांच्या मुलखातले. चेन्नईजवळच्या आवडी या गावी संरक्षण कारखान्यात नोकरीला आले आणि निवृत्त झाल्यावर तिथेच राहिले. मी तंजावरी मराठी घरातला, चेन्नईतच वाढलेला, बँकेत कारकून. आमच्याकडे मासा आला तो फक्त पत्रिकेत, राशी म्हणून. लग्नानंतर बरीच वर्षं ते माझ्याशी उकाड्यावर बोलायचे, नाहीतर माझ्या जुनाट मराठीवर. "जावईबापू, तुम्ही बोलले का मुजरा करावा वाटते."

मग एका रविवारी त्यांनीच विषय काढला. गळ टाकायला जायचं. समुद्रावर नाही — खाऱ्या पाण्याला ते पाणीच म्हणत नाहीत — तर पश्चिमेला, धरणांच्या पट्ट्यात. कावेरीवरच्या मेट्टूर धरणावर दोन दिवस, जमलं तर पुढे भवानीसागर. आम्ही दोघंच. त्यांना काचबिंदू झालेला, नजर दर महिन्याला आक्रसत चाललेली. मी म्हटलं, मामा, दिसणार कसं? तर म्हणाले, "मासा डोळ्यानं नाही, बोटानं कळते. पण काठ तं दिसला पाहिजे ना बाप्पा. म्हणून म्हणतो, लवकर जाऊ."

लवकर. हा शब्द मी नीट ऐकला होता. ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय नाही.

दर रविवारी मी आवडीला जाऊ लागलो. काय बेत चालायचे आमचे! नाचणीच्या पिठाचे गोळे घ्यायचे की गांडुळं, कुठल्या काठाला सकाळची सावली, गाडी कुठवर नेता येईल. गांडुळाला हात लावावा लागेल या विचारानेच माझी इडली घशात अडकायची, पण मान मी अनुभवी कोळ्यासारखी हलवायचो. त्यांची अट एकच — पाणी उतरतं हवं. भरल्या धरणात मासा पांगतो; पाणी उतरू लागलं की तो काठाशी येतो. आणि धरणांच्या पातळ्या इथल्या तमिळ पेपरात रोज छापून येतात. सासऱ्यांना तमिळ भांडण्यापुरती येते, अक्षरं कधीच आली नाहीत. आता तर नजरही नव्हती. म्हणून वाचायचं काम माझं.

पहिल्या उन्हाळ्यात एका रविवारी पाणी अगदी त्यांना हवं तिथे आलं. मी आकडा पाहिला. मनात वाचला. आणि तोंडाने — पंधरा फूट जास्त सांगितला.

का? त्या आठवड्यात दमलो होतो? असेन. दोन दिवस त्या शांत पाण्याकाठी त्यांच्याशी बोलणार काय, याची भीती वाटली? वाटली असावी. की बेत पार पडला तर रविवार संपतील, असं वाटलं? हे कारण मला स्वतःला आवडतं, म्हणूनच त्यावर माझा विश्वास नाही.

एकाच आठवड्यासाठी म्हणून केलं होतं. पण धरण काही एका आठवड्यात पंधरा फूट खाली येत नाही! मग पुढच्या रविवारी आधीच्या थापेला शोभेल असा आकडा शोधावा लागला. बघता बघता माझ्या डोक्यात एक वेगळंच मेट्टूर तयार झालं. त्याला कर्नाटकातून पाणी मीच सोडायचो, शेतीचे कालवे मीच बंद ठेवायचो. बँकेत इतकं मन लावून मी कधी काम केलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यात वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी त्यांना सांगितलं, मेट्टूर इतकं आटलंय की बुडालेल्या देवळाचा नंदी उघडा पडलाय, लोक बघायला जातायत. सासऱ्यांनी रविवारी मला विचारलं. आवाजात शंका नव्हती, आशा होती. "जावईबापू, नंदी दिसून राहिला म्हणते?"

पेपर माझ्या हातात होता. नंदीचा फोटो होता त्यात.

मी म्हटलं, जुना फोटो फिरतोय, मामा. लोकांना काय!

ते हसले. शेजाऱ्याला वेड्यात काढलं. "पेपर माझा जावई वाचते, तो नाही वाचत." आणि पुन्हा गांडुळांवर आले. मी मान हलवली.

पावसाळ्यानंतर त्यांना काठ दिसेनासा झाला. धरणाचा नव्हे, ताटाचा. मग रविवारी कुणी पाण्याचं नाव काढलं नाही. मीही नाही. मला हायसं वाटलं का? हो — आणि ते कळून मी न्हाणीघरात जाऊन उगाच नळ सोडून उभा राहिलो. तेवढंच.

मागच्या महिन्यात भंडाऱ्याहून त्यांचे भाऊ-पुतणे आले होते. जेवणं झाली, सगळे बसले होते. सासरे माझा आवाज आला त्या बाजूला तोंड करून म्हणाले, "माझी नजर गेली तं यानं आपली देल्ली. दोन वर्षं, दर रविवारी पाणी वाचलं माझ्यासाठी. पोटचा पोरगा नाही करत. पाण्यानंच साथ नाही देल्ली, त्याला हा काय करन?"

सगळे माझ्याकडे बघत होते. बायकोचे डोळे भरून आले होते. सासऱ्यांनी हात पुढे केला, हवेत जरा चाचपला. मी माझा हात तिथे नेऊन ठेवला.

"त्यात काय एवढं, मामा," मी म्हणालो.

पाणी उतरलेलं होतं. दोन्ही उन्हाळे. मी ते वाचलं होतं — नीट, मनात — आणि मग मोठ्याने दुसरंच सांगितलं होतं.