मधली कमान

आमच्या गावाजवळच्या नाल्यावरचा पूल निजामाच्या काळातला. काळ्या घडीव दगडाच्या तीन कमानी, सांध्यांत नुसता चुना, लोखंडाचा तुकडाही नाही. माझे सासरे गवंडी. तरुणपणी त्यांनीच मधल्या कमानीचे सांधे पुन्हा भरले होते.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात आठ दिवसांची झड उघडली. सकाळी मी आणि सासरे मुळ्याच्या जुड्या धुवायला पुलाखाली उतरलो. वरून ट्रॅक्टर गेला आणि माझ्या हातावर चुन्याची भुकटी पडली. सासऱ्यांनी वर पाहिलं. मधल्या कमानीतला एक दगड चांगला दोन बोटं खाली सरकला होता.

"मामाजी, काय झालं?"

"कमान सुटून राह्यली. वर पळ! आदिलाबादची बस येतेच आता."

चिखलात पाय घसरत होते. मी वर पोचले तेव्हा बसची पुढची चाकं पुलावर चढली होती. मी मधोमध हात पसरून उभी राहिले. चार हातांवर येऊन बस थांबली.

"मरना है क्या?" ड्रायव्हर ओरडला.

"पूल खचला! पीछे लो!"

बसमध्ये ओळखीचेच लोक होते. एक जण खिडकीतून म्हणाला, "कालच तर ट्रक गेला न बाई इथून! कोर्टात तारीख हाय माही." कंडक्टर बाजूला हो म्हणत अंगावर आला. मी हलले नाही. तेवढ्यात सासरे धापा टाकत वर आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "नीचे आके देखो. फिर गाली दो."

ड्रायव्हर खाली उतरून पाहून आला. आता त्याचा आवाज उतरला होता. "सब उतरो. आहिस्ता."

लोक एकेक करून उतरले. रिकामी बस तो एकटा तसू तसू मागे घेऊ लागला. सासरे काठावरून कमानीवर नजर ठेवून हातानं खुणा करत होते. चाकं रस्त्याच्या मातीला लागली तेव्हा कुठं मी श्वास सोडला.

दुपारी आम्ही जेवायला बसलो असताना तो दगड पडला, त्यामागून अर्धी कमान. आवाज घरापर्यंत आला. सासऱ्यांच्या हातातला घास हातातच राहिला.

"तो सांधा म्याच भरला होता," ते म्हणाले.

"इतकी वर्सं टिकला न, मामाजी."

पुढे नव्या पुलाची मोजणी करायला साहेब लोक आले, त्या दिवशी कोणी बोलावलं नसताना ते सकाळपासून नाल्यावर जाऊन उभे होते.