आधी जवळा बाजार

पुण्याच्या मुख्य कार्यालयातून नवं सॉफ्टवेअर आलं, की आडेभाऊ त्याची सीडी खांद्यावरच्या शबनम पिशवीत टाकायचे आणि जवळा बाजारची एसटी पकडायचे. हिंगोलीच्या आमच्या कार्यालयात चांगले नवे संगणक होते, पण त्यांना ते हात लावत नसत. जवळा बाजारच्या खरेदी केंद्रावर एक जुना संगणक होता. पांढऱ्याचा पिवळा झालेला, सुरू केला की लोहाराच्या भात्यासारखा आवाज करणारा. सगळे त्याला ‘म्हातारी’ म्हणत. नवं काहीही आलं की आडेभाऊ ते आधी म्हातारीवर चढवत, दिवसभर तिच्याशेजारी स्टूल टाकून बसत आणि मगच बाकीच्या केंद्रांकडे वळत.

आमची कंपनी कापूस आणि सोयाबीन खरेदी करायची. राज्यभर तिची केंद्रं पसरलेली, त्यांतली चौदा हिंगोली जिल्ह्यात, आणि सगळे संगणक फोनच्या तारांनी एकमेकांना जोडलेले. शेतकऱ्याचा ट्रॅक्टर काट्यावर चढला की वजनाची पावती संगणकातून निघायची. पावती नाही तर माल आत नाही, असा कायदा होता.

मी २००२ साली पदवी घेऊन कंपनीच्या संगणक विभागाची प्रमुख म्हणून हिंगोलीला आले. आडेभाऊ माझ्या हाताखाली, पण वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सेनगाव तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यावरचे. वायरमनचं शिक्षण घेऊन नव्वदच्या दशकात कंपनीत तारा ओढायला आले आणि बिघडलेले संगणक उघडून उघडून सगळं शिकले. नऊ वर्षं कंत्राटावरच होते. खरं सांगते, सुरुवातीला मला त्यांचं काही कौतुक नव्हतं. या माणसाला एसटीत खिडकीपाशी बसायची हौस असावी, एवढंच मला वाटायचं.

“भाऊ, इथं एक बटण दाबलं की चौदाही केंद्रांवर जातं,” मी एकदा म्हणाले. “तुम्ही कशाला धक्के खात हिंडता?”

“ताई, आमच्या आज्याचा बाप बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख हिंडायचा,” ते म्हणाले. “तांडा निघाला की सगळ्यात थकलेला बैल तो पुढं घालायचा. धट्टेकट्टे पुढं घातले तर ते जातेत निघून. थकलेला मागं कुठं बसला, ते कळतबी न्हाई. तो पुढं असला म्हंजी कळतंय, वाट समद्यांना झेपून राहिली का न्हाई.”

मी हसले. माझ्या अभ्यासक्रमात बैल कुठंच नव्हते.

पुढच्या वर्षी ऐन कापसाच्या हंगामात पुण्याच्या साहेबांनी सगळं सॉफ्टवेअरच बदलायचं ठरवलं. शुक्रवारी संध्याकाळी एकाच वेळी साऱ्या राज्यात ते चढवायचं, असा आदेश आला. साहेबांचा फोन आडेभाऊंनी घेतला.

“साहेब, किती पावत्या छापून पाहिल्या?”

“दोन. एकदम व्यवस्थित आल्या,” साहेब म्हणाले.

आडेभाऊंनी फोन ठेवला आणि ते माझ्याकडे वळले. “दोन पावत्यांनी काय कळंल? उद्या जवळ्याचा बाजार हाये. म्हातारीवर चढवतो. बाकीचे तेरा ऱ्हाऊ द्या तसेच.”

“भाऊ, तुम्हाला कायम करायचा कागद साहेबांच्या टेबलावर आहे,” मी म्हणाले. “या महिन्यात सही व्हायची आहे. आत्ताच का नडताय?”

“ते बी खरं हाये,” ते म्हणाले, आणि शबनम उचलून निघाले.

बटण माझ्याही टेबलावर होतं. मी ते दाबलं नाही. बिघडलं तर खापर माझ्यावर नको होतं आणि थांबलं तरी नको होतं. मग मी काय केलं? साहेबांना ईमेल लिहिला: आडे आदेश पाळत नाहीत, याची जबाबदारी माझी नाही. लिहिला आणि पाठवूनही दिला.

सकाळी साहेबांचा फोन आला. “सगळं राज्य झालं, तुमचाच जिल्हा राहिलाय. दुपारपर्यंत उरका. आणि आडेंच्या कागदाचं काय करायचं ते मी बघतो.” मी जीप करून जवळा बाजार गाठलं.

केंद्रासमोर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग सडकेपर्यंत गेली होती. केंद्रावरचे कारकून कदम पावत्या छापत होते. आडेभाऊ म्हातारीशेजारी बसून प्रत्येक पावतीला कागदावर एक रेघ ओढत होते. मांडीवर हातानं लिहायचं जुनं पावतीपुस्तक तयार. मी साहेबांचा निरोप सांगितला. आडेभाऊंनी माझ्यासाठी खुर्ची ओढली.

पहिल्या तीसेक पावत्या झरझर आल्या. पुढची जरा रेंगाळली, त्यापुढची आणखी. आडेभाऊंनी म्हातारीच्या कुशीवर तळहात ठेवला. “ताई, बघा. थकून राहिली.” अजून चार पावत्या झाल्या आणि पडदा जागीच थिजला.

नवं सॉफ्टवेअर छापलेली प्रत्येक पावती पोटात साठवून ठेवत होतं, सोडत नव्हतं. दोन पावत्यांत ते कुणाला कळणार? दणकट संगणक संध्याकाळपर्यंत टिकले असते, इतकंच.

“कदम, तुमी हातानं लिहा,” आडेभाऊ म्हणाले आणि त्यांनी शबनममधून जुनी सीडी काढली. पाऊण तासात म्हातारी जुन्या सॉफ्टवेअरवर पुन्हा सुरू झाली. एकही ट्रॅक्टर परत गेला नाही.

संध्याकाळपर्यंत बाकीच्या राज्यातून बातम्या येऊ लागल्या. केंद्रं एकामागून एक बंद पडत होती. शेजारच्या जिल्ह्यांत शेतकरी दोन दिवस कापूस घेऊन सडकेवर बसून राहिले. आमची तेरा केंद्रं बिनबोभाट चालू होती. ज्या माणसाला मी हौशी प्रवासी समजत होते, त्यानं सबंध जिल्हा एका स्टुलावर बसून सांभाळला होता. मी थक्क झाले, आणि तितकीच शरमले.

साहेबांना फोन करून मी माझा ईमेल परत घ्यायला निघाले, तर तेच म्हणाले, “आडेंना मी तो वाचून दाखवला. ते म्हणाले, मॅडमना नीट समजावून सांगायचं माझंच राहिलं.” कागदावर सही झाली होती.

मी आडेभाऊंपुढे जाऊन उभी राहिले. “भाऊ, मी तुमच्याविरुद्ध लिहिलं होतं.”

“बराबरच लिहिलं की. आदेश तर म्या मोडलाच व्हता,” ते म्हणाले. “जेवलात का तुमी?”

पुढे मी पुण्याला गेले. साऱ्या राज्याच्या संगणकांचं काम माझ्याकडे आलं. नवं काही चढवायचं झालं की मी आधी सगळ्यांत दुबळा संगणक शोधायची आणि त्याच्याशेजारी दिवसभर माणूस बसवायची. लोक मला हुशार म्हणायचे. मी दर वेळी आडेभाऊंचं नाव सांगायची.

ते निवृत्त झाल्यावर त्यांना दम्यानं गाठलं. मी भेटायला तांड्यावर गेले. निघताना मला जीपपर्यंत पोचवायला सगळं घर उठलं: त्यांची दोन मुलं, सुना, नातवंडं. आडेभाऊही काठी टेकत उठले. मला सेनगावची जीप गाठायची होती, म्हणून मी झपाझप चालायला लागले, तर मागून कुणीच येईना. वळून पाहिलं. सगळे उंबऱ्याशी थांबलेले. थोरला मुलगा मला म्हणाला, “ताई, जरा थांबा. बापूला पुढं होऊ द्या, मंग आपुन निघू.”

मी परत फिरले आणि त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले. आडेभाऊंनी श्वास घेतला, काठी टेकली, पहिलं पाऊल टाकलं. मग आम्ही सगळे निघालो. दहा पावलांवर ते थांबले की आम्ही थांबायचो. माझे डोळे भरून आले होते. माझ्यापुढे त्यांची पाठ होती, त्यामुळे त्यांना ते दिसलं नाही.

दोन महिन्यांनी ते गेले. त्यांच्यामागून चालले त्या दिवशी माझी जीप चुकली होती. घाई कुणालाच नव्हती.