गोजरमावशीला सोबत नेऊन केलेलं संशोधन

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी मी पीएच.डी.ला प्रवेश घेतला, तेव्हा मेहकरात दोन मतं पडली. एक मत असं, की संजीवनीचं डोकं फिरलं. दुसरं असं, की ते आधीच फिरलेलं होतं, आता फक्त जाहीर झालं. माझा नवरा दुसऱ्या मताचा होता, पण बस स्टँडवर बॅग उचलायला तोच आला. मी नऊ वर्षं गावातल्या कॉलेजात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत होते. दर जूनमध्ये नव्यानं अर्ज करायचा आणि दर एप्रिलमध्ये घरी बसायचं. कायम व्हायचं तर पीएच.डी. लागते, हे सगळे मला पहिल्या वर्षापासून सांगत होते. मी ते दहाव्या वर्षी ऐकलं.

पुण्यातल्या संस्थेत पहिल्याच दिवशी ओळख करून द्यायची होती. मी उभी राहिले आणि म्हणाले, "मले ग्रामीण अर्थशास्त्रात काम करायचं आहे." कुणी हसलं नाही. पुण्यात हसत नाहीत, मान किंचित तिरकी करून "कुठल्या तुम्ही?" असं मायेनं विचारतात. त्यानंतर मी कानाला खडा लावला आणि चार महिने 'हो सर' आणि 'बघते' याच्या पलीकडे तोंड उघडलं नाही. त्याचा परिणाम उलटाच झाला. संजीवनी मॅडम फार खोल विचार करतात, अशी माझी ख्याती पसरली. खरं कारण असं, की चर्चेतलं दुसरं वाक्य सुरू होईपर्यंत मी पहिल्याच वाक्यात अडकलेली असायची.

वसतिगृहात माझ्या खोलीत मलकापूरची मदिहा होती. तेवीस वर्षांची पोरगी, घरी कापसाचा व्यापार, आणि संख्याशास्त्रात पटाईत. मी इंग्रजी निबंध वाचताना महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करायची. एकदा तिनं माझा निबंध हातात घेतला, पानं उलटली आणि म्हणाली, "ताई, आता जे पिवळं नाई ना, तेवढंच वाचा. लवकर होईन." माझ्या मुलीपेक्षा नऊच वर्षांनी मोठी असलेली ही पोरगी मला रोज संध्याकाळी सरासरी आणि मध्यक यांतला फरक समजावून सांगायची. मी वर्गात तोच फरक नऊ वर्षं शिकवला होता, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

पहिल्या वर्षाच्या शेवटी समितीसमोर काम मांडलं. शेरा मिळाला, 'असमाधानकारक'. असा दुसरा शेरा आला की नोंदणी रद्द, असा नियम. म्हणजे पुन्हा मेहकर, पुन्हा जूनमधला अर्ज, आणि ती दोन मतं आता एक होणार. त्यामुळे क्षेत्रपाहणी जोरदार करायची असं मी ठरवलं. विषय होता लहान शेतकरी कुटुंबांची जमीन आणि मुलांचं शिक्षण. गाव निवडलं हिवरा आश्रमाजवळचं, कारण तिथे माझी सख्खी मावशी राहते, गोजरबाई.

इथे मावशीबद्दल सांगायला हवं. तिची ओळख आसपासच्या तीस गावांत आहे, आणि ती लग्नं जमवण्यासाठी. जमवलेल्या लग्नांचा आकडा ती दीडशेच्या वर सांगते, मोडलेल्यांचा सांगत नाही. ती सोबत असली की कुठलंही दार उघडतं, एवढंच मी पाहिलं. ते का उघडतं, याचा विचार करायला मी संशोधक असायला हवी होते.

आमच्याकडे कुणाच्या ओट्यावर चढून एकदम 'जमीन किती' असं विचारता येत नाही. आधी पाणी प्यायचं. मग माहेर कोणतं, सोयरे कोण, अमक्या गावचे तमके तुमचे कोण लागतात, हे सगळं झालं की मग कामाचं बोलायचं. त्यानंतर मी माझी प्रश्नावली काढायची. जमीन किती, कोरडवाहू की ओलिताची, विहीर आहे का, घरात माणसं किती, मुलांची वयं काय, शिकले किती, कुणाला व्यसन आहे का. हे प्रश्न मी पुण्यात तीन महिने खपून तयार केले होते. मावशीनं ते एकदा ऐकले आणि तिला आश्चर्य वाटलं.

"हे तं माह्येच प्रश्न हायेत व," ती म्हणाली. "याच्यासाठी पुण्याले काऊन गेली तू?"

तेव्हा तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हरकत नव्हती. शेती करणाऱ्या पोरांना मुली मिळत नाहीत, हे आमच्या भागात शेंबडं पोरही सांगेल. मुलीच्या बापाला जावई नोकरीवाला हवा, शहरात राहणारा हवा, आणि गावी त्याच्या नावावर शेतीही हवी. घरोघर तिशी ओलांडलेली पोरं बसलेली. अशा गावात गोजरमावशी एका शहरी दिसणाऱ्या बाईला घेऊन फिरते, बाई वहीत पोराचं वय आणि जमीन लिहून घेते. गावानं काय समजायचं ते समजून घेतलं.

रुखमाबाईंचं घर मला चांगलं आठवतं. नवरा गेलेला, एकुलता मुलगा संघर्ष. आम्हाला शिरा आणि तळलेले पापड आले. थोड्या वेळानं संघर्ष आतून आला, त्याच्या नव्या शर्टाच्या घड्याही अजून मोडल्या नव्हत्या. प्रश्न मी त्याला विचारत होते आणि उत्तरं रुखमाबाई देत होत्या. नऊ एकर, सगळी ओलिताची. वय अठ्ठावीस. शिक्षण बी.ए. व्यसन, सुपारीचंसुद्धा नाही. संघर्ष सगळा वेळ खाली फरशीकडे बघत होता. निघताना रुखमाबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि जरा ध्यानात असू द्या, असं म्हणाल्या. मी म्हणाले, असू देते की. मला वाटलं, या बाईला संशोधनाची किती आस्था आहे.

शंका आलीच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. मी घरं निवडली होती ती पाच एकरांच्या आतल्या शेतकऱ्यांच्या यादीतून, आणि प्रत्येक जण नऊ ते पंधरा एकर सांगत होता. मी यादीला दोष दिला. बासष्ट घरांतली एकजात सगळी पोरं अठ्ठावीस वर्षांची आणि निर्व्यसनी निघाली, तेव्हा मेहकर तालुका व्यसनमुक्त होत असल्याचं एक टिपणही मी लिहून ठेवलं. माझ्याबरोबरीचे विद्यार्थी रडायचे की लोक दारात उभं करत नाहीत. मला शिरा मिळत होता आणि फॉर्म भरत होते. मग कशाला खोलात जायचं?

दुसऱ्या वर्षी समितीसमोर मी आत्मविश्वासानं उभी राहिले. समितीतल्या एका वयस्कर प्राध्यापकांनी माझा तक्ता पाहिला, कागदावर काहीतरी मांडलं आणि विचारलं, गावाचं लागवडीखालचं क्षेत्र किती. मी सांगितलं, सहाशे चाळीस एकर. ते म्हणाले, "तुमच्या बासष्ट घरांची बेरीज आठशे चौदा होते. मग उरलेलं गाव पेरतं कुठे?"

या वेळी मात्र सगळे हसले. पुण्यातसुद्धा. माझे मार्गदर्शक तेवढे हसले नाहीत. बाहेर आल्यावर त्यांनी एवढंच सांगितलं, की शेरा महिनाभर रोखून धरलाय. परत जा, त्याच घरांत जा, कशासाठी विचारताय ते आधी नीट सांगा आणि मग विचारा. नुसते सातबारे आणू नका, माणसं खोटं का बोलली तेही कळायला हवं.

खोलीवर येऊन मी मदिहाला सगळं सांगितलं. तिनं पहिला प्रश्न विचारला, सोबत कोण होतं. मी मावशीचं नाव घेतलं, मावशीचा व्यवसाय सांगितला, आणि सांगता सांगताच गावानं मला काय समजलं होतं ते माझ्या लक्षात आलं. मदिहानं ओढणी तोंडाशी धरली, पण तिला हसू काही आवरेना. "ताई, तुमी डाटा नाई आणला," ती म्हणाली. "बायोडाटा जमा करून आल्या." मीही हसले. खूप हसले, आणि मग उशीत तोंड घालून रडले, कारण मला एकदम ती बासष्ट घरं दिसायला लागली होती.

पुढचं समितीचं आत्ताच सांगून टाकते. माझी नोंदणी टिकली. नवे आकडे त्यांना पटले, दोन वेळच्या उत्तरांतल्या फरकावर तर एक वेगळं प्रकरणच लिहा म्हणाले. पण ते आकडे आणायला मला त्या गावात एकटीनं जावं लागलं. मावशीनं येणार नाही म्हणून सांगितलं. मुलीचं काय झालं, असं लोक तिला घरोघर विचारत होते. तिची तीस गावांतली पत मी घालवली होती, ती माझ्याशी अजून धड बोलत नाही.

"मी शिक्षणासाठी आले होते, माझ्याकडे कुठलीही मुलगी नाही." हे वाक्य मी एकसष्ट ओट्यांवर म्हटलं. काहींनी हसण्यावारी नेलं. काहींनी आतूनच सांगितलं, घरी कोणी नाही. एका आजींनी विचारलं, "मंग तवा शिरा काऊन खाल्ला वो?" याचं उत्तर माझ्या कुठल्याच पिवळ्या निबंधात नव्हतं. मी त्यांच्या पाया पडले, तेवढंच मला सुचलं.

रुखमाबाईंचं घर मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. त्या ओट्यावर तुरी निवडत बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या, पदर सारखा केला आणि आत बघून हाक मारली, "संघर्ष, बाई आल्या." त्या हाकेतला आनंद ऐकून मला तिथूनच परत फिरावंसं वाटलं. शिऱ्यासाठी त्या आत निघाल्या, तेव्हा मी त्यांना थांबवलं आणि जे सांगायचं ते भराभर सांगून टाकलं. पुण्याचं, समितीचं, नापास होण्याचं सगळं सांगितलं.

त्या खाली बसल्या. सुपातल्या तुरींवरून हात फिरवत राहिल्या. मला कोणी शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. संघर्ष दारात उभा होता, या वेळी शेतातल्या मळक्या कपड्यांत.

"दोन एकर," तोच म्हणाला. "कोरडवाहू. वय तेहतीस, शिक्षण बारावी. तंबाखू खातो. लिहा तुमी."

मी रुखमाबाईंकडे पाहिलं. त्यांनी विचारलं, "यानं तुमचं काम होईन?"

मी म्हणाले, होईल.

"मंग लिहा. तुमची तं काई चूक नाई, आमीच आस लावून बसलो." चूक माझीच होती. मी लिहून घेतलं. माझ्या प्रश्नावलीचा शेवटचा प्रश्न होता, 'आणखी काही सांगायचे आहे का?' एकसष्ट घरांत मी तो विचारलाच नव्हता, रकाना तसाच कोरा सोडला होता. इथे मात्र विचारला.

रुखमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. मुलगा आत गेला आहे, हे वळून पाहिलं.

"तुमी एवढी गावं फिरता," त्या म्हणाल्या. "एखादी पोरगी दिसली, तं सांगजा. दोन एकरच सांगजा. आता नऊ नोका सांगू."