वाळलेला रंग आणि मुरलेला रंग

चिकटमामा हे नाव ऐकलं की नवख्या माणसाला वाटायचं, हा गृहस्थ खिशात हात घालायला कचरत असणार. तसं मुळीच नव्हतं. मामा रंगारी होता, हाताने सढळ होता, आणि हे नाव त्याला चिकटलं होतं ते एका दारामुळे.

अठरा वर्षांपूर्वी त्याने थोरल्या बहिणीच्या, म्हणजे ताईच्या, स्वयंपाकघरातली कपाटं रंगवली. ओट्याखाली आठ दारं, भिंतीवर सहा. दुसऱ्या दिवशी भावजींचे साहेब जेवायला यायचे होते, म्हणून सगळी घाई. साहेब आले, जेवायला बसले. ताई काचेचं भांडं काढायला उठली, तर कपाटाचं दार उघडेना. तिने ओढलं, हिसका दिला, शेवटी ओट्याला गुडघा टेकवून जोर लावला. तेव्हा मूठ हातात आली, दाराचा अर्धा रंग चौकटीला राहिला आणि ताई मागच्या मागे साहेबांच्या खुर्चीवर आदळली. साहेब भले माणूस, पोट धरून हसले. ताई हसली नाही. पाच-सहा वर्षांची भाची मात्र टाळ्या पिटत ओरडली, “मामाने चिकटवलं!” झालं. तेव्हापासून तो साऱ्या गोतावळ्याचा चिकटमामा.

माणूस अबोल. ब्रश हातात असला की बरा, नसला की हातांचं काय करावं ते त्याला कळायचं नाही. रंगाच्या एका थराला रंगारी ‘हात’ म्हणतात. मामाने शाळांच्या, दवाखान्यांच्या, कचेऱ्यांच्या हजारो दारांना दोन-दोन हात दिले होते, पण ताईशी दोन हात करण्याची छाती त्याला कधी झाली नाही. ताई बोलायची, तो ऐकायचा. त्या प्रसंगानंतर ताईने घर तीनदा रंगवून घेतलं, तिन्ही वेळा दुसऱ्यांकडून. मामा पाहुण्यासारखा येऊन बसायचा, परक्याने रंगवलेल्या भिंतीकडे बघत चहा प्यायचा आणि “छान झालंय” म्हणायचा. घरी गेल्यावर त्या दिवशी त्याला जेवण जायचं नाही.

यंदा ती कपाटं पुन्हा चर्चेला आली. रंगाचे पोपडे निघाले होते. भाची आता नोकरी करणारी, तोंडाने आईवर गेलेली. ती म्हणाली, “काढून टाक गं आई. कंपनीची तयार कपाटं येतात, दोन दिवसांत बसवून जातात.”

“लाकूड ठणठणीत आहे,” ताई म्हणाली. “रंगाने मान टाकलीय, लाकडाने नाही.”

“मग रंगवून घे. फक्त चिकटमामाला बोलावू नकोस, म्हणजे जेवायच्या वेळी ताटल्या तरी बाहेर येतील!”

मामा तिथेच चहा पीत होता. सगळे हसले, सवयीने तोही हसला. आणि मग स्वतःच्याच कानांवर विश्वास बसू नये असं काहीतरी त्याच्या तोंडून गेलं. “मी रंगवतो.”

“तू?” ताई म्हणाली.

“मी. पण कुठला रंग ते बघून ठरवतो. महिना दे मला.”

“अरे, महिनाभरात लोक लग्नं ठरवून मोकळे होतात!” ताईने त्याला नीट निरखून पाहिलं. त्याने मान खाली घातली नाही, म्हणून तिलाच नवल वाटलं असावं. “बरं. दिला महिना. पण पुन्हा चिकटलं, तर ही कपाटं भंगारात आणि ब्रश घेऊन तू या घराची पायरी चढायची नाहीस. चालेल?”

“चालेल,” मामा म्हणाला.

त्या महिन्यात त्याच्या स्वतःच्या घरात जे चाललं, ते त्याच्या बायकोलाच विचारावं. त्याने जुन्या फळ्यांचे वीतभर तुकडे कापले. काहींना तेलातला रंग दिला, काहींना भिंतीचा, काहींना पाण्यात मिसळणारा एनॅमल. दोन डब्यांचं मिश्रण करून फवाऱ्याने मारायचा एक रंग मिळतो, तो सगळ्यांत टणक. पण त्याचा वास डोक्यात जातो, आणि ताई तर साध्या अत्तराने डोकं धरून बसणारी. तो बाद.

रंगवलेल्या काही फळ्या त्याने घरच्या शेगडीशेजारी टांगल्या. त्यांच्यावर वाफ जाऊ दिली, तेलाचे हात पुसले, चहा ओतला, मग साबणाच्या पाण्याने घासल्या. उरलेल्या दोन-दोन करून तोंडाला तोंड लावून सुतळीने बांधल्या आणि वर वरवंटा ठेवला. चिकटतात की सुटतात ते बघायला.

“अहो,” बायको म्हणाली, “ही लग्नं लावताय की घटस्फोटाची तयारी?”

“सुटायला हवीत.”

“मग माझ्या वरवंट्याला कशाला साक्षीला बसवलंय? मला वाटण करायचंय.”

शेगडीजवळचा तेलाचा रंग तीन आठवड्यांत पिवळा पडू लागला. भिंतीच्या रंगाने चहाचा डाग असा पिऊन घेतला की घासूनही जाईना. एनॅमल तेवढा जसाच्या तसा राहिला. जोड्यांची गंमत वेगळी. तेलाच्या रंगाची जोडी पटाशी घालून फोडावी लागली. भिंतीच्या रंगाच्या जोडीने सुटताना एकमेकींची सालं काढली. आणि एनॅमल? रंग दिल्याच्या दुसऱ्याच दिवशी बांधलेली जोडी तोही सोडेना! आठवड्याने बांधलेली टक् करून सुटली. तीन आठवड्यांनी बांधलेली सुतळी सोडताच आपोआप खाली पडली.

मामाने ती फळी उचलली. रंग सापडला होता. पण नुसत्या रंगाने भागणार नव्हतं, ताईला सांगावं लागणार होतं. आणि एनॅमलचा डबा उचलण्यापेक्षा ते जड होतं.

“ताई,” तो दुसऱ्या दिवशी म्हणाला, “रंग एका दिवसात वाळतो.”

“मग चांगलंच आहे की.”

“वाळतो, मुरत नाही. हाताला लागत नाही म्हणून आपल्याला वाटतं झाला. आतून कच्चाच असतो. मुरायला तीन आठवडे. तोवर दारं घट्ट लावायची नाहीत, ओलं फडकं मारायचं नाही.”

“तीन आठवडे उघड्या कपाटांत स्वयंपाक करू? शेजारीण म्हणेल, हिच्या घरी चोरी झाली!”

“म्हणू दे,” मामा म्हणाला.

ताईचा हात हवेतच राहिला. एवढ्या वर्षांत तिला कोणी ‘म्हणू दे’ म्हटलं नव्हतं. “बरं,” ती म्हणाली, आणि रंग निवडला. “पांढरा नको, पिवळा नको, दुधी दे. आणि दुधीच राहू दे.”

चौदाही दारं बिजागऱ्यांतून निघाली. मामाने धुण्याच्या सोड्याने वर्षानुवर्षांचा तेलकटपणा काढला, पोपडे खरवडले, पॉलिश पेपरने लाकूड गुळगुळीत केलं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, अस्तर दिलं आणि मग एनॅमलचे दोन पातळ हात. दारं परत बसवून प्रत्येकाच्या फटीत काड्यापेटीची एकेक काडी अडकवली. दारं थोडी उघडी राहत, चौकटीला टेकत नसत.

नवव्या दिवशी तो नखाने रंग तपासायला आला. तेरा दारं जरा किलकिली होती. मोरीवरचं चौदावं घट्ट बंद. ताई एकाएकी धुतलेला कप पुन्हा धुवायला लागली.

“इथली काडी कुठे गेली?”

“पडली असेल.”

“पडली?”

“अरे, शेजारीण आली होती! दात पडलेल्या तोंडासारखं दिसत होतं सगळं. एकच लावलं, तेही दोन मिनिटं.”

“कधी?”

“परवा,” ताई पुटपुटली.

त्याने मूठ धरली. ताईनेही कप खाली ठेवला. त्याने सावकाश ओढलं. टक्. दार उघडलं. काठावर केसाएवढी एक रेघ उमटली होती, बाकी रंग जागच्या जागी. मामा ओट्याला टेकून उभा राहिला. मग दाराकडेच बघत म्हणाला, “साहेब यायचे होते, तेव्हाही मी काड्या लावून गेलो होतो.”

ताईने कप पुन्हा उचलला.

“त्यांतल्या किती काढल्या होत्यास?”

“सगळ्या,” ताई म्हणाली. तिचा एवढा बारीक आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. “साहेबांपुढे कसं दिसलं असतं ते?”

“आणि मी अठरा वर्षं म्हणतोय, रंगात माझंच काहीतरी चुकलं.”

“मला वाटायचं तुला माहीत आहे! माहीत असून मोठ्या मनाने गप्प बसतोयस. ते गप्प बसणंच टोचायचं रे, म्हणून मी आणखी बोलायचे.”

आधी ताईला हसू फुटलं, मग मामाला. इतके हसले की भावजी चष्मा शोधत आत आले, काय झालं ते विचारून कंटाळले आणि परत गेले.

डोळे पुसून झाल्यावर मामाने पिशवीतून पॉलिश पेपरचा तुकडा काढला आणि ताईच्या हातात दिला. “हा काठ तूच घास. मग मी त्यावर एक हात देतो.”

“मी?”

“दार कोणी लावलं?”

ताईने पदर खोचला आणि घासू लागली.

“हळू. लाकडाच्या रेषेने.”

“कळतं मला.”

“कळत नाही,” मामा म्हणाला.

ताई लाकडाच्या रेषेने घासू लागली.