आसावरीची साक्ष

लग्न होऊन रियाधला येण्याआधी आसावरी एका तालुक्याच्या गावी, इंग्रजांच्या काळातल्या दगडी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. स्वभावाने भित्रीच. स्टाफरूममध्येही कोपऱ्यातली खुर्ची धरून बसायची.

एका दुपारी तिने रसायनं ठेवायच्या खोलीचं दार उघडलं. आत विभागप्रमुख देवदत्त सरांनी नूपुर नावाच्या विद्यार्थिनीला भिंतीशी दाबून धरलं होतं. "सर, सोडा तिला," एवढंच आसावरीच्या तोंडून निघालं. नूपुर पळाली. त्याच आठवड्यात तिने तक्रार केली, पण चौकशी रखडली. तेवढ्यात आसावरीचं लग्न झालं.

अखेर चौकशी समितीने तिला व्हिडिओ कॉलवर साक्षीला बोलावलं. दुसऱ्याच संध्याकाळी कमलाकर घरी आले. ते तिच्या नवऱ्याचे, उन्मेषचे मॅनेजर आणि देवदत्त सरांचे मेहुणे. खजुराचा डबा पुढे करत हसून म्हणाले, "वहिनी, इतक्या लांबून काय नीट आठवणार तुम्हाला? आणि उन्मेषचा इकामाही रिन्यू व्हायचाय ना?" इकामा म्हणजे तिथे राहायचा परवाना, आणि तो कंपनीमार्फतच रिन्यू होई.

ते गेल्यावर उन्मेषने दाराला कडी घातली. "नको देऊस साक्ष. इकामा अडला तर आपण इथे राहणार कसे?"

"ती मुलगी सरांसमोर एकटी बसेल रे."

"मला भीती वाटतेय, आसावरी."

"मला काय वाटत नाही?"

त्याने खजुराचा डबा उचलून बाजूला सारला. मग म्हणाला, "सांग. जे पाहिलंस तेच सांग."

साक्षीच्या दिवशी स्क्रीनवर समितीच्या शेजारी देवदत्त सरही दिसले. "काय मॅडम, मिस्टरांची नोकरी बरी चाललीय ना?" त्यांनी विचारलं. समितीच्या बाईंनी सरांना दटावलं. आसावरी दोनदा अडखळली, तरी तिने दार उघडल्यापासूनचं सगळं सांगितलं.

सरांना कॉलेजमधून काढून टाकलं. नूपुरचा मेसेज आला, "मॅडम, मी परत लॅबला जायला लागले."

इकामा रिन्यू झाला. पण कमलाकरांनी उन्मेषला ऑफिसातून उचलून शहराच्या टोकाला, अल सुलैच्या गोदामावर टाकलं. तो आता दुसरी नोकरी शोधतोय. त्याला यायला उशीर झाला की आसावरी खिडकीशी उभी राहते आणि फोन वाजला तर, कमलाकरांनी आणखी काही केलं नसेल ना या धास्तीने, तो लगेच उचलत नाही.