व्याह्यांसमोरचा चहा

ऑपरेशन करून सोलापूरला आलो, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अक्कलकोटचे व्याही भेटायला आले. लेकीचे सासरे. खुर्चीवर टेकायच्या आधी त्यांनी माझी मान एका बाजूनं बघितली, मग दुसऱ्या बाजूनं.

"पाव्हणं, कापलंय कुटं?"

कापलं होतं जिभेच्या मुळाशी. कॅन्सरची गाठ तिथं होती. पुण्याच्या दवाखान्यात तोंडातूनच यंत्राचे बारीक हात घालून ती काढली, म्हणून बाहेर चीर नाही की टाका नाही. एवढं सांगायला माझा आवाज पुरेना, बायकोनं सांगितलं.

"यंत्रानं? मग डॉक्टर काय बघत बसला व्हय?"

हेच मी डॉक्टरीणबाईंना विचारलं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण पॉवरलूमवर जॉबर म्हणून हयात गेली. बिघडलेला माग हात लावून, कान लावून चालू करायचा, हे माझं काम. बाई म्हणाल्या, मी चार हात लांब यंत्राच्या पडद्यात बघत बसणार. मी म्हणालो, "मागापासनं लांब बसणारा जॉबर आमी कामावर ठेवत न्हाय."

त्या हसल्या. "आजोबा, माझा हात हलला तरच ते हलतं. आणि नुसत्या हातानं करायचं तर जबडा मधून कापून उघडावा लागेल."

मग मी तयार झालो. गाठ स्वच्छ निघाली, असा रिपोर्टही आला. पण गिळायचं काम माझ्याकडं राहिलं. ऑपरेशननंतर पोटात अन्न जायला नाकातून घातलेली नळी काढताना बाईंनी बजावलं होतं, पातळ काही घ्यायचं नाही. ज्वारीच्या पिठाची घट्ट पेज चमच्यानं घ्यायची, हनुवटी छातीला लावून गिळायची, खाकरायचं, परत गिळायचं. घास फुप्फुसात उतरला तर नळी परत.

बायकोनं चहा आणला. एकच कप.

"आन् तुमी?" व्याही मला म्हणाले.

"त्यास्नी चालत न्हाय अजून," बायको म्हणाली.

"अंगावर ओरखडा न्हाय, आन् चहा बंद? का आमच्यासंगं प्यायचाच न्हाय?"

चेष्टाच होती ती. पण मुलीच्या बापानं व्याह्यांपुढं तान्ह्या पोरासारखं चमच्यानं पेज खात खाकरत बसायचं, हे काही मला पटेना. बायकोला खूण केली, कप आण. ती जागची हलली नाही. मग मीच आत गेलो, पातेल्यात उरलेला चहा ओतून घेतला आणि त्यांच्यासमोर बसून, मान ताठ ठेवून प्यालो.

दोन घोट गेले. तिसऱ्याला असा ठसका लागला की चहा नाकातून आला. व्याही पाठीवर थापा मारत म्हणाले, "सावकाश की पाव्हणं, कोन हिसकावतंय का?"

दुसऱ्या दिवशी ताप भरला, धाप लागली. न्यूमोनिया. इथल्याच दवाखान्यात ठेवलं आणि नाकात पुन्हा नळी आली. पुण्याच्या बाई फोनवर म्हणाल्या, "आजोबा, आता ही नळी कधी सुटेल, सुटेल की नाही, मला सांगता येत नाही."

आता घरी आहे. पोटाला नळीतूनच जातं. बाईंनी सरावापुरता पेजेचा एकेक चमचा घ्यायला सांगितलाय. कधी खाली उतरतो, कधी ठसक्यानं बाहेर येतो.

काल सरावाच्या वेळीच व्याही आले. बायको उठली. "भाइर बसवते त्यास्नी."

"नको. हितंच येऊ दे."

ते आले, माझ्या नाकातली नळी बघून खुर्चीच्या कडेला बसले. बायकोनं चमचा पुढं केला. मी हनुवटी छातीला लावली, गिळलं, खाकरलो. लई घाणेरडा आवाज येतो तो. व्याही जमिनीकडं बघत होते.

"गेला का?" त्यांनी विचारलं.

मला सांगता येईना. घशात काहीतरी होतं. थांबा म्हणून मी हात वर केला, आणि पुन्हा गिळलं.