झाडलेली धावपट्टी

त्यांचं नाव मी विचारलं नाही. माळावरच्या आमच्या फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर सरावाची दोन विमानं एकमेकांवर आदळली, एका विमानातला शिकाऊ पोरगा गेला, आणि चौकशीला हे साहेब मुंबईहून आले. स्टेशनवरून मीच त्यांना जीपमधून आणलं.

उतरल्या उतरल्या ते गुडघ्यांवर बसले आणि डांबरावर तळहात फिरवत पुढं सरकू लागले. काचा, पत्र्याचे तुकडे शोधत होते. ते कुठं पडलेत त्यावरून कोण कुणाच्या वाटेत आलं ते कळतं. पण तुकडे राहिले होतेच कुठं? साहेब येणार म्हणून क्लबच्या मॅनेजरांनी आदल्या दिवशीच सगळी धावपट्टी झाडून, कडेनं चुना मारून घेतला होता. पाहुणा येणार तर अंगण नको का झाडायला. दुसरं विमान मॅनेजरांचा भाचा चालवत होता, ते सोडा.

मॅनेजर फेटा घेऊन आले. "पावणं, आधी मान घ्या की आमचा. काम कुठं पळून जातंय व्हय?"

साहेबांनी हाताचा चुना रुमालाला पुसला आणि मुकाट्यानं फेटा बांधून घेतला.

परतताना जीपमध्ये मला म्हणाले, "जिथं जातो तिथं जमीन झाडलेली असते. मग चूक मेलेल्याचीच निघते."

स्टेशनवर उतरताना फेटा त्यांनी सीटवरच ठेवला. अहवालात चूक मात्र पोराचीच लिहिली.